ठकी गेली, मग गुंड्या: इंदिरानगरच्या ताईंना उत्तर

आधी प्रश्न थोडक्यात सांगते. नाशिकच्या इंदिरानगरमधल्या एका ताईंची मांजरी ठकी १५ वर्षांची होती. किडनीच्या आजाराने दोन महिने झिजत गेली आणि डिसेंबरात डॉक्टरांच्या सल्ल्याने तिला शेवटचं इंजेक्शन दिलं. त्याला चाळीस दिवस होत नाहीत तोच ४ वर्षांचा धट्टाकट्टा बोका गुंड्या रात्री दोनला किंचाळत उठला. मागचे दोन्ही पाय लुळे पडले होते, पंजे बर्फासारखे गार होते. उजाडायच्या आत तोही गेला. ठकीला माहेरच्या मळ्यात पुरलं. गुंड्याला घाईघाईत सोसायटीशेजारच्या मोकळ्या प्लॉटमध्ये पुरावं लागलं.

ताई लिहितात, "ठकीला मी मारलं असं वाटतं. इंजेक्शननंतरही ती डोळे उघडे ठेवून माझ्याकडे बघत होती, तिने एक मोठा श्वासही घेतला. गुंड्याला शेजारच्या बिल्डिंगमधल्या एका गृहस्थांनी काहीतरी केलं असावं, ते नेहमी त्याच्यावर पाणी फेकायचे. सासूबाई म्हणतात, मांजरच होतं. सात वर्षांचा मुलगा रात्री झोपायला घाबरतो. गुंड्याची सख्खी बहीण चिंगी तीन दिवस दाराशी बसून आहे, अन्नाला तोंड लावत नाही. मला ऑफिसात मध्येच रडू येतं. माझं काही बिघडलंय का?"

ताई, मी २७ वर्षं नाशकात प्राण्यांची डॉक्टर म्हणून काम करते. उत्तर चिंगीपासून सुरू करते, कारण गेलेल्यांना आता घाई नाही, तिला आहे.

मांजराने दोन-तीन दिवस अन्न सोडलं की अंगातली चरबी सुटून यकृतात साचायला लागते आणि यकृतच बसतं. कुत्रा तीन दिवस उपाशी राहिला तर मला एवढी धास्ती वाटत नाही, मांजराची वाटते. अंगाने भरलेल्या मांजराला धोका जास्त. कानाच्या आतली कातडी, हिरड्या, डोळ्यांचा पांढरा भाग उजेडात बघा. पिवळसर झाक दिसली तर एक तासही थांबू नका. झाक नसली तरी आजच दाखवा, उद्यावर ढकलू नका. तोवर दूधभात पुढे करू नका. मांजराची भूक नाकातून सुरू होते. चिकन नुसत्या पाण्यात उकडा आणि ते पाणी कोमट करून बशीत द्या. कांदा-लसूण अजिबात नको, त्याने मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. सुकट असेल तर भिजवून, खारटपणा काढून, उकळून चिमूटभर वर घाला, वासाने तरी मान वळेल. चमच्याने तोंडात कोंबू नका. त्याने अन्नाची शिसारी बसते, आणि घास श्वासनलिकेत गेला तर वेगळंच संकट.

ती शोक करतेय का, असंही तुम्ही विचारलंय. २०२४ मध्ये अमेरिकेत मिशिगनच्या ओकलंड विद्यापीठातल्या संशोधकांनी साडेचारशेच्या आसपास मांजरांच्या पालकांना हेच विचारलं. घरातला दुसरा प्राणी गेल्यावर मांजरांचं खाणं, झोपणं, खेळणं कमी झाल्याचं त्यांना आढळलं. एकत्र राहिलेला काळ जितका जास्त, तितका हा बदल जास्त. त्याच पाहणीत आणखी एक गोष्ट दिसली: ज्या माणसांना स्वतःला जास्त दुःख झालं होतं, त्यांना आपल्या मांजराच्या वागण्यातही बदल जास्त दिसत होते. म्हणून मी चिंगीच्या मनाबद्दल छातीठोक बोलणार नाही. तिचं वजन, तिचा शी-शूचा ट्रे आणि तिची बशी यांच्याबद्दल बोलेन. किराणावाल्याकडचा काटा असला तरी चालेल, तिला टोपलीत बसवून रोज त्याच वेळी वजन करा आणि लिहून ठेवा. गुंड्या ज्या गोधडीवर झोपायचा ती धुऊ नका. चिंगीला तिच्यावर लोळू द्या. जेवणाच्या वेळा, दिवा मालवण्याची वेळ, बाल्कनीचं दार उघडण्याची वेळ पूर्वीसारखीच ठेवा.

आता गुंड्या. शवविच्छेदन झालेलं नाही, पण तुम्ही लिहिलेलं चित्र इतकं स्पष्ट आहे की मी वाचता वाचताच थांबले. अचानक किंचाळणं, मागचे दोन्ही पाय एकदम जाणं, पंजे गार पडणं: यामागे बहुतेक वेळा हृदय असतं. मांजरांमध्ये हृदयाची भिंत जाड होत जाण्याचा आजार फार आढळतो. वेगवेगळ्या पाहण्यांत वरकरणी निरोगी दिसणाऱ्या मांजरांपैकी साधारण १५ टक्क्यांमध्ये तो सापडलाय, आणि बोक्यांमध्ये जास्त. भिंत जाड झाली की हृदयाचा वरचा कप्पा फुगतो, तिथे रक्त रेंगाळतं, गुठळी होते. ती गुठळी एक दिवस सुटते आणि मुख्य रक्तवाहिनीला जिथे मागच्या पायांसाठी दोन फाटे फुटतात तिथे जाऊन बसते. पायांचं रक्त एका क्षणात बंद. म्हणून पंजे गार, म्हणून पंजांखालच्या गाद्या निळसर, म्हणून ती किंकाळी. यातली कित्येक मांजरं आदल्या संध्याकाळपर्यंत उड्या मारत असतात. स्टेथोस्कोप लावला तरी काहींच्या छातीत वेगळा आवाज येतच नाही. लस टोचताना मी स्वतः तपासलेलं आणि 'छान आहे' म्हणून घरी पाठवलेलं एक मांजर पाच महिन्यांनी असंच गेलं. त्याच्या घरच्यांना तोंड दाखवायला मला जड गेलं होतं.

आमच्याकडे अशी केस आली की घरचे तीनपैकी एक गोष्ट सांगतात: साप चावला, वरून पडलं, कुणीतरी मारलं. कंबर मोडली असती तर पाय लुळे पडले असते, पण पंजे लगेच असे गार पडले नसते. तुमच्या शेजारच्या गृहस्थांनी मांजरावर पाणी फेकणं वाईटच, त्याबद्दल मी त्यांची बाजू घेणार नाही. पण गुंड्याला त्यांनी मारलेलं नाही, ताई. रात्री दोनला उघडा दवाखाना सापडला नाही ही बोच तुम्ही दोनदा लिहिलीत. दवाखाना सापडला असता तर त्याच्या वेदना लवकर थांबल्या असत्या, हे खरं, आणि ते मी लपवत नाही. जीव वाचला असता का? सगळी सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयातही दोन्ही पाय गेलेली बहुतेक मांजरं हातची जातात.

हे एवढं लांबण लावून सांगायचं कारण आहे. कारण कळलं नाही की मन गुन्हेगार शोधत फिरतं. बाहेर सापडला नाही तर स्वतःलाच पकडून आणतं. मग माणूस रडायचं सोडून खटला चालवत बसतो. गुंड्याचा खटला तुम्ही त्या गृहस्थांवर चालवताय आणि ठकीचा स्वतःवर. दोन्हीकडे पुरावा नाही.

याच कारणासाठी चिंगीची सोनोग्राफीसारखी हृदयाची तपासणी, म्हणजे इको, करून घ्या. ती एकाच वेताची सख्खी बहीण आहे आणि या आजाराची प्रवृत्ती रक्तात उतरू शकते. हृदयाची भिंत साधारण ६ मिलिमीटरच्या वर गेली की आम्ही सावध होतो. वरचा कप्पा फुगलेला दिसला तर गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी सुरू करता येते. आधी ती खायला लागू दे, मग ही तपासणी.

ठकीबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचंय. तिचे उघडे डोळे तुमच्या स्वप्नात येतात, असं तुम्ही लिहिलंत. इंजेक्शनच्या आधी दोन मिनिटं घेऊन हे सांगायला हवं होतं, आमच्या व्यवसायातले बरेच जण गडबडीत सांगत नाहीत, म्हणून मी आत्ता सांगते. डोळा मिटायला स्नायूचं बळ लागतं. जीव गेला की ते बळ जातं, म्हणून डोळे उघडे राहतात. माणूस गेल्यावर आपण हाताने पापण्या मिटतो ते याचसाठी. ठकी तुमच्याकडे बघत नव्हती. त्या इंजेक्शनात भुलीच्या औषधाचाच खूप मोठा डोस असतो. शुद्ध काही सेकंदांत हरपते, ऑपरेशनच्या आधी हरपते तशीच, आणि हृदय त्यानंतर मिनिटा-दोन मिनिटांत थांबतं. तो मोठा श्वास त्यानंतरचा. मेंदूचा जाणता भाग आधीच विझलेला असतो आणि खालचा भाग शेवटचा एक झटका देतो. कधी कातडी थरथरते, कधी लघवी होते. दिसायला भयंकर, पण तिथे त्या वेळी ठकी नव्हती.

'मारलं' या शब्दामागे आपल्या घरांतलं आणखी काहीतरी आहे असा मला संशय आहे. लहानपणापासून ऐकलेलं असतं की हातून मांजर मेलं तर सोन्याची मांजर करून काशीला दान द्यावी लागते. शिकलेली, ऑफिसात चाळीस माणसं सांभाळणारी बाई माझ्यासमोर टेबलाला धरून उभी असते आणि हे वाक्य हळूच बोलते. दहा-बारा वेळा तरी मी ते ऐकलंय. मी प्रत्येकीला एकच सांगत आले: ते पाप दगड भिरकावणाऱ्याचं, पोत्यात घालून सोडून येणाऱ्याचं. ठकी खाऊ शकत नव्हती, तोंडात फोड आले होते, ट्रेपर्यंत चालवत नव्हतं. तिचं मरण ठरलेलं होतं. ते आणखी आठ दिवस लांबवायचं की नाही, एवढंच तुमच्या हातात होतं.

ठकीचा आजार उशिरा लक्षात आला, हा तुमचा स्वतःवरचा दुसरा आरोप. मांजराची किडनी दोनतृतीयांश निकामी होईपर्यंत बाहेरून काही कळत नाही. रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने बाहेर टाकायचा कचरा, वाढायला तर त्याहूनही उशीर होतो. पाणी जास्त प्यायला लागणं, ट्रेमधली ढेकळं मोठी होणं, पाठीचा कणा हाताला लागणं ही लक्षणं नंतर आठवली की अगदी ढळढळीत वाटतात. त्या वेळी ती 'म्हातारी झाली' या दोन शब्दांत मावतात. शिवाय मांजर हे स्वतः शिकार करणारं आणि मोठ्या जनावरांची शिकार होणारं. दुखणं लपवणं त्याच्या अंगातच आहे. घरात आणखी मांजरं असतील आणि वय आठ-दहाच्या पुढे असेल, तर वर्षातून एकदा रक्त आणि लघवी तपासा, हे मी सगळ्यांना सांगते. पण ती पुढच्यासाठीची सूचना आहे, तुमच्यावरचा ठपका नाही.

आता 'मांजरच होतं'. आपल्याकडे माणूस गेला की दाराबाहेर चपलांचा ढीग पडतो. घरात चूल पेटत नाही, शेजारून पिठलं-भात येतो. दहा दिवस कुणी ना कुणी बसायला येतं, तीच तीच गोष्ट दहांदा ऐकून घेतं. या रिवाजांनी दुःखाला बसायला पाट मिळतो. मांजर गेलं की यातलं काहीच नाही, दुसऱ्या दिवशी साडेनऊला ऑफिस. ज्या दुःखाला लोकांची मान्यता नाही ते जास्त कुजतं, हे केनेथ डोका या अमेरिकन अभ्यासकाने १९८९ मध्ये मांडलं. मला ते नाशिकच्या एका जुन्या वाड्यात कळलं. तिथले निवृत्त मास्तर, घरी एकटे. मांजरी गेल्यावर त्यांनी तेरा दिवस तिच्या जागी बशी ठेवली आणि चौदाव्या दिवशी मला बोलावून सांगितलं, "डॉक्टर, आज बशी उचलली." मी तेव्हा नवी होते. त्यांना बरं वाटावं म्हणून पटकन म्हणाले, "एक छान पिल्लू आहे, आणून देऊ?" ते काही बोलले नाहीत, चहा तसाच ठेवून आत गेले. ते वाक्य मला आजही टोचतं. त्यांना पिल्लू नको होतं, बशी उचलली हे कुणीतरी ऐकायला हवं होतं.

सासूबाईंवर लगेच रागावू नका. तुमच्याच पत्रात आहे की ठकी दुपारी त्यांच्या पायाशी झोपायची. ज्या पिढीने आपल्याला काशीची ती गोष्ट सांगितली, तिला मांजराचा जीव हलका वाटत नसतो. बऱ्याचदा 'मांजरच होतं' हे त्या स्वतःलाच सांगत असतात. वाद घालू नका. दुपारी त्यांच्याजवळ बसून एवढंच विचारा, "ठकी पहिल्यांदा आली तेव्हा केवढी होती हो?" काय होतं ते बघा.

मुलाचं मात्र ताबडतोब करा. तुम्ही त्याला 'ठकीला डॉक्टरांनी झोपवलं' असं सांगितलंत. सात वर्षांचं मूल शब्द जसाच्या तसा घेतं. झोपलेली ठकी उठली नाही, गुंड्याही रात्रीच गेला, मग मी झोपलो तर? त्याची भीती अगदी तर्काला धरून आहे. त्याला सरळ 'मेली' हा शब्द वापरून सांगा: "ठकीच्या पोटातला एक अवयव बंद पडला होता, औषधाने तो सुरू होत नव्हता. ती मेली. मेलेलं शरीर श्वास घेत नाही, त्याला दुखत नाही, ते परत उठत नाही. झोप वेगळी असते. झोपेत आपण श्वास घेत असतो." रात्री त्याचा हात त्याच्याच छातीवर ठेवून श्वास मोजायला लावा. 'देवाघरी गेली' म्हणायला हरकत नाही, पण आधी हे, मग ते. या वयापर्यंत पुष्कळ मुलांना मरण परतीचं वाटतं. दोन आठवड्यांनी तो पुन्हा विचारेल, "आता येईल का?" तेव्हा न वैतागता पुन्हा तेच सांगा. आणि त्याच्यासमोर रडलात तरी चालेल. लपून रडलेलं त्याला कळतंच, फक्त कशासाठी ते कळत नाही.

गुंड्याला पुरलं ती जागा कुत्री उकरतील, या काळजीने तुम्ही दोनदा जाऊन आलात. साधारण तीन-चार फूट खोल पुरलेलं असेल तर कुत्रं तिथवर जात नाही. खड्डा उथळ वाटत असेल तर वर आणखी माती ओढून, दाबून, मोठे दगड रचा. मळ्यात ठकीच्या जागेबाबत जास्त काळजी घ्या, कारण इंजेक्शनचं औषध शरीरात बराच काळ राहतं आणि ते मांस खाणाऱ्या कुत्र्याला, घारीला, गिधाडाला घातक ठरतं. तिथेही खोली तेवढीच हवी, आणि विहिरीपासून लांब. पुन्हा कधी वेळ आली तर प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, सुती कापडात गुंडाळा.

आपण गंगेकाठची माणसं (नाशकात गोदावरीला गंगाच म्हणतात), शेवटचं काही म्हटलं की पाय रामकुंडाकडे वळतात. तुम्हाला 'गंगेवर काही केलं तर चालेल का' असं विचारायला संकोच वाटला. संकोच कशाला? देह किंवा त्याचा कुठलाही भाग नदीत जाऊ देऊ नका, एवढंच माझं म्हणणं. बाकी घाटावर जाऊन दोन फुलं वाहावीशी वाटली, दिवा लावावासा वाटला, तर मुलाला बरोबर घेऊन जा. कुणाला विचारायची गरज नाही. घरी कुंडीत रोप लावायचं असेल तर जास्वंद किंवा मोगरा लावा. लिली आणू नका. तिचं पान, फूल, परागसुद्धा मांजराची किडनी निकामी करतात, आणि घरात चिंगी आहे.

तुमचं काही बिघडलंय का? नाही. ऑफिसात अचानक रडू येणं, संध्याकाळी कुलूप उघडताना पायात कुणी येईल म्हणून दार जपून लोटणं, रात्री मांजराच्या गळ्यातल्या घंटीचा आवाज आल्यासारखं वाटणं, हे सगळं मी इतक्या जणांकडून ऐकलंय की मला ते दुःखाचं रोजचं वागणं वाटतं. एकापाठोपाठ दोन गेले की पहिल्याचं रडणं अर्धवट राहतं आणि दुसऱ्यात मिसळतं. तुम्हाला कधी कधी कुणासाठी रडतोय तेच कळत नाही, ते त्यामुळे. दोघांसाठी वेगवेगळं काहीतरी करा. ठकीचे १५ वर्षांचे फोटो एका संध्याकाळी सासूबाईंसोबत काढून बसा. गुंड्याचे दुसऱ्या दिवशी, मुलासोबत. पण आठवडेच्या आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, कामावर जाववत नाही किंवा जगूच नये असं वाटलं, तर मांजरासाठी कुठे डॉक्टरकडे जायचं असा विचार करू नका. सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा आहे, १४४१६ वर फोन लावा. तिथे मराठीतही बोलता येतं.

नवं पिल्लू? मला तारीख सांगता येणार नाही. हे दोघं संसर्गाने गेलेले नाहीत, त्यामुळे घर रिकामं ठेवण्याची वैद्यकीय गरज नाही. (मांजरांच्या पार्व्होने कुणाचं मांजर गेलं असेल, तर मात्र गोष्ट वेगळी. तो विषाणू फरशीच्या फटीत वर्षभर टिकतो, फिनाइलने मरत नाही, उलट फिनाइल मांजरालाच विषारी. तिथे पातळ केलेलं ब्लीच वापरावं लागतं, आणि नवं पिल्लू लसीचे डोस पूर्ण झाल्याशिवाय आणू नये.) तुमच्याकडे प्रश्न चिंगीचा आहे. ती पोटभर खाऊन वजन धरेपर्यंत तिच्यासमोर अनोळखी पिल्लू आणणं तिच्यावर अन्याय होईल. नंतर कधी आणलंत तर त्याचं नाव ठकी ठेवू नका.

आज संध्याकाळी चिंगीला आणा. तीन दिवसांत तिने किती वेळा लघवी केली ते आठवून लिहून आणा आणि येताना टोपलीत गुंड्याची गोधडी घाला, न धुतलेली.